तीन मिनिटांसाठी सात महिने

व्यापाऱ्याच्या घरात मार्च महिना पाहुण्यारावळ्यांचा नसतो, हिशेबाचा असतो. उधारी वसूल करायची, साठा मोजायचा, वर्षाच्या वह्या मिटवायच्या. बार्शीच्या बाजारपेठेत आमचे हार्डवेअरचे दुकान तीन पिढ्या चालू आहे आणि या तीन पिढ्यांत मार्चमध्ये गल्ला सोडून कोणी परगावी गेल्याचे घरात कोणाच्याही स्मरणात नाही. २०१४ च्या मार्चमध्ये मी तो रिवाज मोडला आणि पहाटेची एस.टी. धरून पुण्याला एक यंत्र पाहायला गेलो. माझी थोरली मुलगी तेव्हा पुण्यात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होती. ते यंत्र तिने आणि तिच्या सोबत्यांनी मिळून घडवले होते. सात महिने खपून घडवलेल्या त्या यंत्राला एका सामन्यात मिळणार होती अवघी तीन मिनिटे.

व्यापारी मनाला हा सौदा आतबट्ट्याचा वाटतो. मलाही वाटत होता, आणि तसे मी बोलूनही दाखवीत होतो. दिवाळीत वहीपूजनाला मुलगी आली ती एका रात्रीपुरती. संक्रांतीला तर आलीच नाही. माझ्या आईने नातीसाठी आणि तिच्या सोबत्यांसाठी खाकऱ्याचे डबे भरभरून पाठवले. मी मात्र दूरध्वनीवर दर वेळी एकच प्रश्न विचारी, "याचे पुढे काय होणार?" तिचे उत्तरही ठरलेले असे, "स्पर्धा झाली की मोडणार, पप्पा. सुटे भाग पुढच्या वर्षीच्या मुलांना लागतात." जे मोडायचेच आहे ते इतक्या जिवापाड कशाला घडवायचे, हा प्रश्न मनात घेऊनच मी त्या गाडीत बसलो होतो. आज आपल्या कितीतरी घरांतील मुले-मुली अशा संघांतून रात्री जागवीत आहेत. त्यांच्या आईवडिलांच्या मनातही हा प्रश्न येत असेल, म्हणून त्या दोन दिवसांत जे पाहिले ते वाचकांसमोर मांडतो आहे.

यंत्रांचा डाव

या स्पर्धेला रोबोकॉन म्हणतात. तिचे मूळ जपानात आहे. टोकियो तंत्रविज्ञान संस्थेतील प्राध्यापक मासाहिरो मोरी यांनी १९८१ साली आपल्या विद्यार्थ्यांसमोर एक आव्हान ठेवले. साध्या सुक्या सेलवर चालणारे आणि माणसाला वाहून नेणारे वाहन बनवा, आणि त्यांची शर्यत लावा. मुले वर्गात जे शिकत नव्हती ते या शर्यतीच्या नादात शिकू लागली. पुढे १९८८ मध्ये जपानच्या एन.एच.के. या प्रसारणसंस्थेने तंत्रमहाविद्यालयांसाठी अशी स्पर्धा सुरू करून ती दूरचित्रवाणीवर दाखवली. २००२ साली आशिया-पॅसिफिक प्रसारण संघाने तिला आंतरराष्ट्रीय रूप दिले. पहिली स्पर्धा टोकियोत झाली आणि तिचा विषय होता फुजी पर्वताचे शिखर गाठणे. आपल्याकडे दूरदर्शनने ही स्पर्धा आणली. देशभरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघ राष्ट्रीय फेरीत एकमेकांशी भिडतात आणि त्यांतून भारताचा संघ निवडला जातो. बरीच वर्षे ही राष्ट्रीय फेरी मार्च महिन्यात पुण्याच्या बालेवाडीतील श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात होत असे.

यजमान देश आपल्या परंपरेतला एखादा खेळ वा कथा घेऊन त्यावर डाव रचतो, ही या स्पर्धेची मोठी गंमत आहे. २००४ साली सोल येथे ताटातूट झालेल्या प्रेमिकांची कोरियन दंतकथा होती, २०१० मध्ये कैरोला पिरॅमिड उभारायचे होते. २००८ साली यजमानपद पुण्याकडे आले तेव्हा विषय होता 'गोविंदा', म्हणजे आपली दहीहंडी. २०२२ मध्ये नवी दिल्लीत यंत्रांनी चक्क लगोरी खेळली. आणि मी ज्या वर्षाविषयी लिहितो आहे त्या २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धा पुन्हा पुण्यात होणार होती. त्या वर्षीचा विषय होता 'पालकत्वाला सलाम'.

प्रत्येक संघाने दोन यंत्रे करायची होती, एक पालक आणि एक बाळ. पालकयंत्र विद्यार्थ्याने चालवायचे. बाळयंत्राने मात्र आपले आपण वागायचे. पालकाने बाळाला उचलून बागेत न्यायचे, सी-सॉवर खेळवायचे, झोक्यावर बसवून झोका द्यायचा. बाळाने खांबांवरून पाऊल टाकीत चालायचे आणि शेवटी शिडीसारख्या जंगलजिमवर चढायचे. हे सारे खेळ जो संघ आधी पुरे करील त्याचा जयघोष होता 'शाबास'. दूरध्वनीवर मुलीने हे समजावून सांगितले तेव्हा मी हसलो होतो. बाळाला बागेत नेण्यासाठी यंत्र कशाला हवे, असे मी विचारले. ती म्हणाली, "तुम्हाला तरी कुठे वेळ होता, पप्पा?" तीही हसतच म्हणाली, परंतु मी त्या दिवशी दूरध्वनी लवकर ठेवला.

शेवटची संध्याकाळ

पुण्यात उतरल्यावर मी प्रथम त्यांच्या महाविद्यालयाच्या कार्यशाळेत गेलो. यंत्रे दुसऱ्या दिवशी बालेवाडीला न्यायची होती. पत्र्याच्या छपराची लांबट खोली, लेथ आणि ड्रिलच्या तेलाचा वास, जमिनीवर ॲल्युमिनियमचा चुरा, आणि एका कोपऱ्यात माझ्या आईचे खाकऱ्याचे रिकामे डबे. त्या डब्यांत आता मापामापाने वॉशर भरून ठेवले होते.

मध्ये दोन्ही यंत्रे उभी होती. मोठ्याला नाव नव्हते. तो आई आहे की बाबा, यावर मुलींचे आणि मुलांचे एकमत झाले नव्हते, म्हणून त्याला नुसते 'मोठा' म्हणत. बाळाचे नाव मात्र पहिल्या दिवसापासून 'छोटू' होते. संध्याकाळी संघाच्या कर्णधाराने हातातला पाना टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "झाले. आता कोणीही हात लावायचा नाही."

मला वाटले, आता टाळ्या वाजतील. कोणी पेढे काढील. तसे काहीच झाले नाही. दहा-बारा मुले त्या यंत्रांभोवती नुसती उभी राहिली. नवे दुकान उघडताना नारळ फुटेपर्यंत घरची माणसे उंबऱ्याशी जशी गप्प उभी असतात, तशी ती शांतता होती. मी हळूहळू एकेकाशी बोलू लागलो.

सांगाडा केलेला मुलगा म्हणाला, "काका, मला हा देखणा दिसतच नाही. ही डावी नळी मी दीड मिलीमीटर आखूड कापली. मग खाली पट्टी घालून भरून काढले. कोणाला कळत नाही. पण मी पाहिले की मला फक्त ती पट्टीच दिसते."

छोटूच्या मेंदूचा, म्हणजे संगणकीय आज्ञावलीचा भार जिच्यावर होता ती मुलगी भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "तो बंद पडला की मला काम मिळते, चूक शोधता येते. आज दुपारपासून तो लागोपाठ नऊ वेळा नीट चढला. आता भीती वाटते. चूक गेली, की अजून कुठे लपून बसली आहे?"

पैशाचा व्यवहार पाहणाऱ्या मुलाशी माझे साहजिकच लवकर जुळले. त्याच्याजवळ एक रेघी वही होती आणि तिच्यात खिळ्यामोळ्यापर्यंत सारे उतरवलेले होते. "सगळे म्हणतात, यंत्र बघ. मला बिले दिसतात," तो म्हणाला. जानेवारीत एक मोटार जळली, त्या पानावर त्याने लाल शाईने चौकट केली होती. महाविद्यालयाचे अनुदान संपल्यावर मुलांनी खानावळीचे पैसे वाचवून नवी मोटार आणली होती. जमाखर्चात ती रक्कम 'स्वतःकडून' एवढ्याच शब्दांत लिहिलेली होती.

आणि एक अगदी पहिल्या वर्षाचा मुलगा होता. नवख्याला मुख्य कामाला हात लावू देत नाहीत, म्हणून दोन महिने त्याच्याकडे एकच काम होते. कापलेल्या प्रत्येक पत्र्याची आणि नळीची धार कानशीने घासून गुळगुळीत करायची. तो यंत्राजवळ वाकून कडेकडेने बोट फिरवीत होता. मी विचारले, "काय शोधतोस?" तो जरा लाजला. म्हणाला, "काही नाही. यावर कुठेही हात कापणार नाही, एवढे बघतोय." त्या साऱ्या खोलीत समाधानी असा तो एकटाच मला दिसला.

माझी मुलगी या सर्वांत मागे होती. जोडणी आणि तारांचे काम तिच्याकडे होते. तिच्या हातात लाल रंगाची बारीक लेखणी होती आणि प्रत्येक नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत ती एक छोटी रेघ ओढत होती. हे काय, असे विचारल्यावर तिने सांगितले, "नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. पाना लावून बघावे लागत नाही." प्रत्येक रेघ ओढली की ती एका लांबलचक यादीत खूण करी. मी तीस वर्षे नट विकत आलो आहे. किलोवर विकतो. प्रत्येक नटाला स्वतःची जागा असते आणि तो फिरला की कोणाला तरी कळावे लागते, हा विचार माझ्या मनाला कधी शिवला नव्हता.

आपल्या हातचे मोल

स्वतः घडवलेल्या वस्तूविषयी माणसाला काय वाटते, याचा अभ्यास झालेला आहे. मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचोन आणि डॅन एरिएली या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना कागदाच्या घड्या घालून पक्षी आणि बेडूक करायला दिले. मग त्या वस्तूंची किंमत करायला सांगितली. परक्यांनी त्या ओबडधोबड घड्यांना कवडीमोल ठरवले. करणाऱ्यांनी मात्र जवळजवळ कसबी कारागिराच्या कामाएवढे मोल केले, आणि इतरांनाही ते तसेच वाटेल असे त्यांनी गृहीत धरले. वस्तू अर्धवट राहिली किंवा करून पुन्हा मोडली, तर मात्र हे वाढीव मोल उरत नसे, असेही त्यांना आढळले. आपण जोडून घ्यायचे फर्निचर विकणाऱ्या प्रसिद्ध कंपनीवरून या गोष्टीला त्यांनी 'आयकिया परिणाम' असे नाव दिले.

व्यापाऱ्याला हे शास्त्रज्ञांनी सांगायला नको. आपण स्वतः निवडून भरलेला माल विकला जात नाही तेव्हा गिऱ्हाइकाला पारख नाही असे आपल्यालाही वाटतेच. परंतु त्या कार्यशाळेत मी जे पाहिले ते या निष्कर्षात पुरते बसत नव्हते. कागदाचा बेडूक करणाऱ्याला आपला बेडूक सुबक वाटला. या मुलांना आपले यंत्र सुबक वाटत नव्हते. त्याचा प्रत्येक दोष त्यांना पाठ होता, आणि तरीही रात्री दोन वाजता त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून एका मुलाने आपली चादर काढून त्याच्यावर घातली आणि स्वतः तसाच झोपला.

अमेरिकेत डीन केमन यांनी १९८९ साली स्थापन केलेल्या 'फर्स्ट' या संस्थेची शालेय मुलांसाठी अशीच स्पर्धा आहे. तिची पहिली स्पर्धा १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यात झाली. तेथे कित्येक वर्षे असा नियम होता की, खेळ जाहीर झाल्यापासून सुमारे सहा आठवड्यांत यंत्र पुरे करायचे आणि ठरल्या रात्री ते मोठ्या पिशवीत घालून क्रमांकाचे सील लावायचे. सील लागले की स्पर्धेच्या ठिकाणापर्यंत त्याला हात लावायचा नाही. मुले रिकाम्या हातांनी पिशवीकडे पाहत राहत आणि न केलेल्या दुरुस्त्या मनात मोजत. २०२० च्या हंगामापासून हा नियम रद्द झाला. आमच्या मुलांना पिशवीही नव्हती आणि सीलही नव्हते. परंतु सकाळी टेम्पो आला, यंत्रे लाकडी खोक्यांत गेली आणि झाकणावर खिळे ठोकले गेले, तेव्हा त्या खोलीत जे काही झाले ते याहून वेगळे नसावे. खोकी उचलल्यावर जमिनीवर दोन रिकाम्या चौकटी उरल्या. मुले त्यांवर पाय न देता कडेने जात होती.

बालेवाडी

मैदान लाल आणि निळ्या अशा दोन भागांत विभागलेले होते. आमचा संघ लाल. शिट्टी झाली आणि मोठा निघाला. त्याने छोटूला अलगद उचलले, सी-सॉवर ठेवले. मला कबूल केले पाहिजे की, त्या क्षणी मी हिशेब विसरलो. एक यंत्र दुसऱ्या यंत्राला खाली ठेवताना हात सोडण्याआधी जरासे थांबते, तेवढ्याने गळा दाटून यावा असे त्यात काही नसते. पण तो थांबा कोणीतरी मुद्दाम घातलेला होता. छोटू पडू नये म्हणून किती वेळ थांबायचे, हे ठरवण्यात कोणाच्या तरी कित्येक रात्री गेल्या होत्या.

सी-सॉ झाले. खांबांवरची पावले झाली. झोका झाला. गर्दी ओरडत होती. छोटू जंगलजिमला भिडला, पहिली पायरी चढला, दुसरीला हात घातला, आणि त्याचा उजवा हात कोपरातून खाली लोंबला. संघाने पुन्हा प्रयत्नाची परवानगी घेतली, छोटूला परत जागेवर नेले. तो पुन्हा चढू लागला आणि हात पुन्हा तसाच लोंबला. घंटा झाली. तीन मिनिटे संपली होती.

मी मागच्या बाजूस, संघांच्या दुरुस्तीच्या जागेत गेलो. छोटू टेबलावर आडवा होता. मुलीने कोपराचे झाकण उघडले. आत लाल रेघ तुटलेली होती. तिचा अर्धा भाग नटावर एका बाजूला आणि अर्धा पत्र्यावर दुसऱ्या बाजूला. नट सैल होऊन बोल्टच्या टोकाशी आला होता. तो साधा नट होता. मी तो ओळखला.

येथे मला डिसेंबरमधली गोष्ट सांगणे भाग आहे. तेव्हा मुलीने चार मिलीमीटरचे नायलॉक नट मागितले होते. या नटाच्या तोंडाशी आतून नायलॉनचे कडे असते. ते बोल्टच्या आट्यांना घट्ट धरून ठेवते, त्यामुळे यंत्र कितीही थरथरले तरी नट सहसा फिरत नाही. एवढ्या लहान मापाला आमच्याकडे गिऱ्हाईक नव्हते, म्हणून माल नव्हता. मागवता आला असता. परंतु मी म्हणालो होतो, "साधा नट काय वाईट आहे? तीस वर्षे तोच विकतो आहे. वॉशर घाल आणि आवळ." आणि साध्या नटांची पुडी बांधून पाठवली होती. खरे सांगायचे तर त्या पुडीत नट कमी आणि माझा राग जास्त होता. मुलीने पुण्याच्या बोहरी आळीतून नायलॉक आणून काम चालवले. शेवटच्या रात्री ते संपले, बाजार बंद होता, आणि उरलेल्या दोन ठिकाणी तिने माझी पुडी उघडली.

"हा माझ्या पुडीतला," मी म्हणालो.

तिने वर पाहिलेही नाही. म्हणाली, "पण लावला मी, पप्पा. यादीत त्याच्यापुढे खूण माझी आहे."

मी आजूबाजूला पाहिले. हे कोणाचे काम, असे कोणीही विचारले नाही. आज्ञावली लिहिणारी मुलगी तर आपल्या संगणकात चूक शोधत होती. दोष आपला नाही हे कळल्यावर तिला हायसे वाटलेले दिसले नाही. कर्णधाराने एवढेच विचारले, "पुढचा सामना किती वाजता?" दोन तास होते. शेजारच्या टेबलावर त्याच गटातला एक परप्रांतीय संघ होता, म्हणजे प्रतिस्पर्धीच. त्यांच्यातला एक मुलगा काही न बोलता आला आणि मूठभर नायलॉक नट टेबलावर ठेवून गेला. मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेतील प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी 'फर्स्ट'च्या स्पर्धांमध्ये हीच शिकवण रुजवली होती. जीव तोडून लढायचे, पण समोरच्याचे यंत्र बंद पडले तर आपला पाना त्याला द्यायचा. बालेवाडीच्या त्या मुलाने फ्लॉवर्स यांचे नाव ऐकले होते की नाही, ठाऊक नाही.

दुसऱ्या सामन्यात छोटू वरपर्यंत चढला. मैदानात 'शाबास' झाली. पण गटातील गुणांत संघ मागे पडला आणि पुढच्या फेरीत गेला नाही. रात्री खोकी भरताना मी मुलीला विचारले, "वाईट वाटले?"

ती जरा थांबली. म्हणाली, "पहिल्या सामन्याचे वाटले. यंत्राचे नाही वाटले. त्याने काही चुकवले नाही, पप्पा. आम्ही जसे केले तसे त्याने करून दाखवले."

मोडणी

परीक्षा संपल्यावर तिचे सामान आणायला मी पुन्हा पुण्याला गेलो, तो नेमका यंत्र मोडण्याचा दिवस होता. मला वाटले होते, मुले हळवी होतील. ती हसत-खिदळत होती. मोटारी काढल्या, पुसल्या, प्रत्येकीला चिठ्ठी बांधली; किती तास चालली, कोठे गरम होते, हे चिठ्ठीवर लिहिले. तारा गुंडाळल्या. नळ्या लांबीप्रमाणे रचल्या. ज्याने चादर घातली होती त्यानेच पहिला बोल्ट काढला. कानशीवाला मुलगा आता नवख्यांना काय शिकवायचे त्याची टिपणे काढीत होता. संशोधकांच्या प्रयोगात वस्तू मोडली की तिचे मोल गेले होते. येथे मोल गेलेले दिसत नव्हते. ते चिठ्ठ्या बांधून पुढच्या वर्षीच्या खोक्यांत ठेवले जात होते. छोटूचा उजवा हात तेवढा त्यांनी अखंड ठेवला आणि फळीवर टांगला. त्याला दोऱ्याने तो साधा नट बांधलेला होता.

मग मुलीने मला एक वही दाखवली. दर वर्षीचा संघ जाताना ती पुढच्या संघाला देतो. तिच्यात फक्त चुका लिहितात. तारीख, काय बिघडले, का बिघडले, पुढे काय करावे, आणि शेवटी सही. आखूड कापलेली नळी तिच्यात होती. जळलेली मोटार होती. मी आमच्या नटाची नोंद शोधली. मुलीच्या अक्षरात लिहिले होते, 'कोपराच्या सांध्यात साधा नट वापरला. कंपनाने सैल झाला.' कारणाच्या रकान्यात मला माझा उल्लेख अपेक्षित होता. तेथे होते, 'साठा संपला असता शेवटच्या रात्री तडजोड केली. साठा आधी मोजावा.' खाली तिची सही.

आमच्या घरात सत्तर वर्षांच्या वह्या बांधून ठेवलेल्या आहेत. येणे आहे, देणे आहे, बुडीतही आहे. कोणा वडीलधाऱ्याने 'येथे माझे चुकले' असे लिहून पुढच्या पिढीसाठी खाली सही केलेले पान मला त्यांत आजवर सापडलेले नाही. घरी आल्यावर मी हे वडिलांना सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लिहायला हवे होते. एकोणीसशे बहात्तरच्या दुष्काळातले तरी." आणि त्या रात्री त्यांनी मला एक व्यवहार प्रथमच सांगितला. तो येथे लिहिण्याचा नाही, पण आमच्या वहीत आता आहे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धा पुण्यात झाली आणि व्हिएतनामच्या लाक हाँग विद्यापीठाने ती जिंकली. मुलगी प्रेक्षक म्हणून गेली होती. "कसा झाला सामना?" असे विचारले तर म्हणाली, "सामना कमी पाहिला. त्यांचे सांधेच पाहत होते."

आपल्या घरातले मूल अशा एखाद्या यंत्रापायी सणावाराला येत नसेल, तर त्याला 'नंबर आला का' असे विचारण्याची आपल्याला घाई असते, आणि 'याचा पुढे उपयोग काय' हे तर आपल्या ओठांवरच असते. मी दोन्ही विचारून पाहिले आहे. त्यापेक्षा एकदा त्या कार्यशाळेत जाऊन बसावे, आणि यंत्राकडे बोट करून विचारावे, 'यात तुझे काय आहे?' उत्तर देताना ते मूल बहुधा आपल्या कौशल्याची जागा दाखवणार नाही. ते आपली आखूड नळी दाखवील. तेव्हा मध्येच बोलू नये.

मुलगी आता बंगळूरला एका कारखान्यात आहे. दुकानात चार मिलीमीटरच्या नायलॉक नटांचा एक खण मी तेव्हापासून ठेवला आहे. बार्शीत त्याला गिऱ्हाईक वर्षातून दोन-तीनदा येते. दर मार्चला साठा मोजताना मुनीमजी विचारतात, "हा माल हलत नाही, काढून टाकायचा का?" मी म्हणतो, "राहू द्या. मोजून घ्या फक्त."